बंडखोर कलाकाराने स्वतःच्या स्वभावाला धरूनच का राहावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गुरुजी म्हणतात 'तुझ्या गाण्याला घराणं नाही', मित्र म्हणतात 'तू बंडखोर आहेस, तसाच राहा', आणि तसं राहून नेमकं मिळतं काय ते कुणीच सांगत नाही. मी सांगून बघतो. मी अकरा वर्षं गाणं शिकलो, गायक काही झालो नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पेटीची साथ करतो. त्यामुळे हे उत्तर स्टेजच्या कडेला बसणाऱ्याचं आहे एवढं धरून चला.

आमचे गुरुजी तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, जायच्या आधी किंचित खाकरायचे. त्यांना दमा होता. वर्गात आम्ही सात मुलं होतो, सातहीजण तार षड्जाआधी खाकरायचो. दमा एकालाही नव्हता.

नकलेचं हे असं असतं. गुण-दोष वेगळे करून उचलता येत नाहीत, अख्खं गाठोडंच घरी येतं.

आता कुमार गंधर्वांकडे बघा. शास्त्रीय संगीतातला बंडखोर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव त्यांचं निघतं, पण त्यांची सुरुवात नकलेपासून झाली होती. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गायचा. त्या वयात लोकांनी तोंडात बोटं घातली, एका स्वामींनी 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. असं कौतुक झाल्यावर माणूस जन्मभर तेच करत राहिला असता आणि पोटही भरलं असतं. पुढे मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकले. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण घराण्याच्या भिंती न मानणारे. चांगलं कुठलंही असो, ऐक आणि शिक, असा त्यांचा खाक्या. (ज्याला आपण बंडखोर म्हणतो त्याच्यामागे बहुतेक वेळा असा एक दिलदार गुरू असतो. त्याचं नाव कुणी घेत नाही.)

मग क्षय झाला. जानेवारी 1948 मध्ये हवापालटासाठी माळव्यातल्या देवासला गेले तेव्हा वय होतं तेवीस. गायचं नाही, शक्यतो बोलायचंही नाही. पत्नी भानुमतीबाई, स्वतः गायिका, शाळेत नोकरी करून घर चालवत होत्या. अशी पाचेक वर्षं गेली. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन हे औषध आलं तेव्हा कुठे माणूस उठला, पण एक फुप्फुस कामातून गेलं ते गेलंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. दुसऱ्याच्या दमसासावर बेतलेली लांब तान आता येणार नव्हती. म्हणजे उसनं जे जे होतं ते सगळं एका आजाराने परत घेतलं. उरलं काय? कान. खाटेवर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत होते, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकत होते. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या त्या धुना ऐकून त्यांना वाटलं की राग इथूनच तर आले असणार. मग त्यांनी अशा धुनांमधून नवे राग काढले: मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी. 'धुनउगम राग' हे नावही त्यांचंच. त्यांच्या बंदिशींचं पुस्तक 'अनूपरागविलास' 1965 साली आलं. पावसाळ्याची लोकगीतं आणि ऋतूचे राग एकाच बैठकीत मांडणारा 'गीतवर्षा' त्यांनी केला.

फुप्फुस गेलं म्हणून ते तसं तुकड्या-तुकड्यांनी गायचे, असं अजूनही लोक सांगतात. मला ते अर्धंच पटतं. दम कमी असलेले गवई पुष्कळ झाले, तालाच्या आवर्तनाच्या मध्येच सूर सोडून देऊन ती रिकामी जागा ऐकायला लावणारा एकच झाला. ती जागा त्यांच्या स्वभावातून आली. आजाराने फक्त बाकीचं सामान बाहेर काढलं.

आणि हे फुकट मिळालं असं समजू नका. विलंबित ख्यालाची बढत नाही, म्हणजे संथ लयीत राग सावकाश खुलवत नेत नाहीत, परंपरा मोडली, असं जाणकार लोक तोंडावर बोलायचे. सगळीच टीका चूक होती असंही मी म्हणणार नाही. महात्माजींच्या नावाचा त्यांचा गांधी मल्हार मला आजही भिडत नाही, तो मुद्दाम रचल्यासारखा वाटतो. पण फसला तरी तो त्यांचाच फसलाय. नक्कल फसली तर चूक दुरुस्त कुणी करायची, तुम्ही की मूळ गायकाने?

एक काम करा. बालगंधर्वांचं कुठलंही एक पद मूळ आवाजात ऐका आणि लगेच तेच पद कुमारांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व' मध्ये शोधून ऐका. ज्या माणसाला लहानपणी कुणाचाही आवाज काढता यायचा, तो इथे आपल्या दैवताचं पद गातोय आणि आवाज काढत नाही. नावातच बघा ना, 'मला उमजलेले'. बालगंधर्वांच्या लाडिक हरकती सोडल्यात, पण पदातला भाव कुठे वळतो ते नेमकं धरलंय. इतकं आदराचं बंड मी दुसरं ऐकलेलं नाही.

तुमच्या मित्रांचं मात्र फार ऐकू नका. 'बंडखोर' हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं लेबल असतं, ते जपायला गेलात तर तीही नक्कलच, स्वतःची. धारवाडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर बघा. मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून घेतलेली जयपूर घराण्याची गायकी त्यांनी जन्मभर निष्ठेने गायली, अनवट राग, गुंतागुंतीच्या ताना, सगळं घराण्यातलं. त्यांचा पिंडच तो होता. कुमार आणि मन्सूर दोघेही 1992 मध्ये गेले, आणि दोघांपैकी कुणी जास्त खरं गायलं हे मला चाळीस वर्षं ऐकूनही सांगता येत नाही. तुमच्या गाण्याला घराणं नसेल तर आधी हे तपासा की ते नकोसं आहे की अजून नीट शिकलेलंच नाही. या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. गुरुजींना बहुधा दुसरी दिसत असावी.

माझं सांगायचं तर विशीत मी कुमारांच्या प्रेमात पडलो आणि गावातल्या गणेशोत्सवात त्यांचं निर्गुणी भजन त्यांच्याच ढंगात गायलो. तोच फेकलेला सूर, तीच अचानक घेतलेली थांबणी. साथीला एक म्हातारे तबलजी होते. कार्यक्रम झाल्यावर डग्ग्यावर गवसणी चढवता चढवता म्हणाले, "बाळ, तुझी दोन्ही फुप्फुसं शाबूत आहेत ना?"

त्यानंतर मी पेटीकडे वळलो. गाणं अगदीच सुटलेलं नाही, घरी कुणी नसलं की गातो. तार षड्जाआधी अजूनही खाकरतो.