वाचकांचे प्रश्न: लोअर आर्म कंपनीचाच घ्यायचा का?

प्रश्न: नमस्कार दादा. माझी २०१४ ची स्विफ्ट डिझेल हाय, ९८ हजार किलोमीटर झालेत. सासुरवाडी कणकवलीला, त्यामुळं महिन्यातनं एकदा तरी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरतोय. या पावसाळ्यानंतर पुढनं खडखड सुरू झालीय. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, माउंटिंग सगळंच बदला म्हणून सांगितलं, एस्टिमेट बघून घामच फुटला. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणतोय बाहेरचा माल टाकू, निम्म्यात बसतंय. थोरला भाऊ म्हणतोय ओरिजिनल सोडून काय टाकू नको. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कळंबा

उत्तर: दादा, ओरिजिनल का बाहेरचा हा प्रश्न दुसरा, आधी खराब काय झालंय ते बघायला पाहिजे, कारण खडखड म्हटलं की सगळा सेट बदलायची सवय सगळीकडं लागलीय आणि त्यात तुमचे पैसे जातात. लहान लहान खाचखळग्यांवरनं हळू जाताना टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर (वळणात गाडी कलू न देणाऱ्या आडव्या बारला जोडणारी छोटी दांडी), आणि तो सगळ्यात स्वस्त पार्ट. ब्रेक मारताना धप्प असा आवाज येऊन गाडी एका बाजूला ओढत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात) बुश, म्हणजे त्याच्या जोडातलं रबर. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट येत असेल तर वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअप वर बॉडीला बसतो तिथला रबरी जोड, किंवा त्यातली बेअरिंग. शॉकअपचं सोपं आहे, बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा झुलली किंवा शॉकअपच्या नळीवरनं तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेला. नुसता तेलाचा हलका ओलसरपणा आणि त्यावर बसलेली धूळ म्हणजे लगेच गेला असं नाही.

आता पार्ट कुठला घ्यायचा. मी डबा बघत नाही, मी बघतो की हा पार्ट तुटला तर काय होईल. लोअर आर्मच्या टोकाला जो बॉल जॉइंट असतो त्यानं चाक धरून ठेवलेलं असतं, तो निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी तिथंच बसते, घाटात हे झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. टाय रॉड एन्डचंही तसंच, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा, तो सुटला की त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा राहत नाही. या दोन ठिकाणी एक रुपया वाचवू नका, कंपनीचा घ्या नाहीतर राणेसारख्या नावाजलेल्या कंपनीचा घ्या, पण बिनानावाचा अजिबात नको. मी हे अनुभवानं सांगतोय. माझ्या जुन्या गाडीला एकदा घाईत स्वस्तातला लोअर आर्म बसवला, दिसायला अगदी चकाचक, काळा रंग, वर स्टिकर. सात महिन्यांत बॉल जॉइंटवरचं रबरी बूट चिरलं, त्यातनं पाणी आणि चिखल आत गेला, ग्रीस धुऊन गेलं, आणि चाक वर उचलून हातानं हलवलं तर आत लोखंडावर लोखंड वाजत होतं. ज्या रबरावर पैसे वाचवले होते तेच आधी गेलं.

शॉकअपचं मात्र वेगळं आहे. बहुतेक गाडी कंपन्या शॉकअप स्वतः बनवत नाहीत, बाहेरच्या कारखान्यांकडनं घेतात. गॅब्रिएल १९६१ पासून आपल्याकडं आहे, गाडी कंपन्यांना माल देते आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकते, मन्रो आणि केवायबी यांचंही बाजारात नाव आहे. तुमच्या मॉडेलचा आणि व्हेरियंटचा असा शॉकअप मिळत असेल तर बिनधास्त घ्या, तिथं तुमचा मिस्त्री बरोबर आहे. फक्त जोडीनं बदला, डावा-उजवा दोन्ही, नाहीतर एक बाजू कडक आणि एक ढिली होऊन ब्रेक मारताना गाडी वेडीवाकडी वागते. डिझेलचा आणि पेट्रोलचा पुढचा शॉकअप एकच समजू नका, डिझेल इंजिनचं वजन जास्त असतं, म्हणून जुन्या पार्टवरचा नंबर जुळवूनच माल घ्या. लिंक रॉड, शॉकअपवरचं डस्ट कव्हर, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) हे चांगल्या नावाचं बाहेरचं चालतं.

बाजारात कंपनीच्या डब्यासारखाच हुबेहूब डबाही मिळतो, म्हणून अधिकृत दुकानातनं पक्कं जीएसटी बिल घेऊन घ्या. पार्ट हातात घेऊन बघा, छपाई फिकट असेल, वेल्डिंग ओबडधोबड असेल, बुशच्या रबराला बोटानं दाबल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर परत द्या. रबर नुसतं रॅकवर पडूनसुद्धा म्हातारं होतं.

आणि सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं सांगू? बसवताना. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि तशातच लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट फुल टाइट केला, हे मी कितीतरी गॅरेजमध्ये बघितलंय. मग गाडी खाली उतरवली की बुश पिळलेल्या अवस्थेतच राहतो आणि रोज थोडा थोडा फाटतो, मग ओरिजिनल टाकून पण सहा महिन्यांत परत आवाज. बोल्ट आधी हातानं लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, मग शेवटचं टाइट करायचं. तुमच्या मिस्त्रीला हे आधीच सांगा. फक्त बुश बदलायचा ठरला तर तो प्रेसवर बसवून घ्या, उद्यमनगरात प्रेस मिळायला अडचण नाही, हातोडीनं ठोकू देऊ नका. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायची, पुढचा आर्म काढला म्हणजे ती करावीच लागते.

म्हणून आता असं करा, पुढच्या कणकवली फेरीच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्ड सब्बलीनं हलवून तपासा, त्यात ढिलाई निघाली तर ते लगेच, चांगल्या मालाचं. शॉकअप तेल गाळत नसतील तर पुढच्या पगाराला केले तरी चालतंय.

प्रश्न: शॉकअप फोडून तेल भरून रिपेअर करून देतात, स्वस्त पडतं. करू का? – एक वाचक, कागल

उत्तर: नको. कारच्या शॉकअपमध्ये बहुतेक ठिकाणी तेलाबरोबर दाबाखालचा गॅसही असतो आणि नळी फॅक्टरीतच बंद केलेली असते. कापून, तेल भरून परत वेल्डिंग मारलं की गॅस गेला, सील ते जुनंच, दोन पावसाळे पण निघत नाहीत, आणि त्यातही दोन्ही बाजू सारख्या भरल्यात का याचा भरवसा नाही.