ओकादा ४८व्या वर्षी न्यूयॉर्कला गेला

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. केन्झो ओकादा या जपानी चित्रकाराची चित्रं पाहिल्यापासून 'अमूर्तच करणार, तेही परदेशात' हा एकच धोशा. तिचे बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग, मग काय ती हौस. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, ओकादाच्या वडिलांचाही नकारच होता! योकोहामाचं सधन घर, वडील उद्योजक. ते गेल्यावर मुलगा टोकियोच्या कलाशाळेत शिरला आणि ती अर्धवट सोडून १९२४ मध्ये पॅरिसला गेला. एवढं लेकीला पाठ असणार. पुढचं तिला विचारा.

तीन वर्षांत तो मायदेशी परतला. त्यानंतर वीसेक वर्षं त्यानं ओळखू येतील अशीच चित्रं काढली, बक्षिसं मिळवली, कलाशाळांत शिकवलं. न्यूयॉर्क गाठलं ते १९५० मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी. तिला भावलेली अमूर्त चित्रं त्यानंतरची. १९५३ पासून ती बेटी पार्सन्सच्या गॅलरीत लागू लागली; पोलॉक, रॉथ्को या नामवंत अमेरिकी अमूर्त चित्रकारांची चित्रंही तिथंच लागली होती. आणि गंमत अशी, की अमेरिकेत जाऊन त्याचे रंग अधिकच जपानी झाले : फिके, धुक्यात बुडालेले.

आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेही तसेच. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत रीतसर शिकले आणि १९६४ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले.

बाबांना सांगा, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हात गंजतो; नंतरची हौस मग भिंतीपुरतीच उरते. माझं मत बीएफए पेंटिंग, म्हणजे चित्रकलेतली पदवी. प्रवेश परीक्षेची माहिती जे.जे. आणि राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळांवर पाहा. नुसत्या अमूर्त चित्रांवर सुरुवातीला घर चालत नाही, ही त्यांची भीती मात्र खरी आहे. ओकादानंही शिकवलंच की. पदवीबरोबर शिकवण्याची पात्रता मिळवणं यात कमीपणा नाही. जपानला जायचंच असेल, तर तिथल्या सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर पदवीनंतर संशोधनासाठी जाता येतं. तोवर जपानी भाषा शिकायला घ्यावी.

एक अडचण आहे. तुम्ही पाठवलेल्या तिच्या सहाही कामांत रंग छान आहेत, पण रेषा कुठं दिसलीच नाही. पुढच्या पत्रासोबत अमूर्त नको म्हणावं. ओट्यावरच्या पातेल्यांची दहा रेखाटनं पाठव, पेन्सिलीत, खोडरबर न वापरता.