फेसवॉश बदलल्यावर चेहरा लाल, जळजळ: आधी ती ट्यूब बघा

ताई, नवीन फेसवॉशनं चौथ्या दिवशी गाल लाल झाले, मग शेजारणीनं सांगितलं म्हणून लिंबू-बेसन, आणि आता तीन दिवसांपासून मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावायलात. तिन्ही बंद करा आधी, आगीतून फुफाट्यात चाललात तुम्ही.

लावल्या लावल्या झोंबलं तर ती बहुतेक ॲलर्जी नसते, कातडीच सोलवटलेली असते. खरी ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उठते, खाज लई, आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूची पण होते, जास्त करून सेंटची नाहीतर प्रिझर्वेटिव्हची, म्हणजे वस्तू टिकावी म्हणून घातलेल्या रसायनाची. आता चेहऱ्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, ५ च्या आसपास म्हणजे जरा आम्ल, आणि साबणाचा ९-१० म्हणजे अल्कली, म्हणून साबण कातडीला झोंबतो, त्यात आपल्याकडं बोअरचं जड पाणी, फेस होत नाही, बादलीला बसतो तसला थर तोंडावर राहतो आणि मग आपण अजून घासतो. मी अंगाच्याच साबणानं दिवसातून चारदा तोंड धुवायचे, धूळ किती उडते म्हणून! आता रात्री एकदा बिनवासाचं सौम्य क्लीन्झर, बाकी नुसतं पाणी.

लिंबू घरचं असलं तरी आम्लच की ते. रस लावून आपल्या उन्हात गेलं की काळे डाग पडतात, कधी फोडसुद्धा येतात.

पण मला खरी भीती ट्यूबची वाटायलीय. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असलं काही लिहिलंय का बघा, ते स्टेरॉइड, म्हणजे लाली-सूज दाबणारं जोरदार औषध. २०१८ पासून असल्या बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे, पण विचारतंय कोण. माझ्या नणंदेनं लग्नाआधी गोरं दिसायला म्हणून सहा महिने लावली, आठवडाभरात चेहरा असा चकचकीत की सगळ्या विचारायच्या काय लावतीस गं, आणि सोडली की लालभडक, बारीक पुटकुळ्या, चुलीपुढं बसवत नव्हतं. तुमचे तीनच दिवस झालेत, सोडून द्या. कुणी महिनोन्महिने लावत असेल तर मनानं बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

आठ-दहा दिवस फक्त पाणी आणि साधं व्हॅसलीन. डोळे-ओठ सुजले किंवा कातडीतून पाणी सुटायलं तर मात्र थांबू नका, लगेच दवाखान्यात. पुढं काहीही नवीन आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, आठवडाभर लावून बघायचं, फेसवॉश असेल तर पाच मिनिटं ठेवून धुवायचं. एकदा लावून काही झालं नाही म्हणून तोंडाला फासायचं नाही, मी तसंच केलं होतं आणि पंचमीला ओढणी गुंडाळून झोक्यावर बसले.