‘मूळव्याधीला कुणी कमरंवर रेघा मारतं व्हय?’

कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक समुपदेशनाच्या खोलीत येतात तेव्हा बहुतेकदा बसण्याआधी दार लोटून घेतात, आणि पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते : ‘‘त्यांना काही सांगू नका, हाय खातील.’’ घरच्यांनी असे बजावल्यावर रुग्णाला सांगायचे की नाही, आणि निर्णय मग कोणी घ्यायचा, हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. त्याचे उत्तर एका आजींच्या निमित्ताने देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजी सातारा जिल्ह्यातल्या, वय ६८. वर्षभर शौचावाटे रक्त जात होते आणि मूळव्याध समजून गावातली औषधे चालू होती. तपासणीत गुदाशयाचा कर्करोग निघाला. आधी साडेपाच आठवडे किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘शेक’, सोबत केमोच्या गोळ्या आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर शस्त्रक्रिया, असे ठरले. गाठ इतकी खाली होती की गुदद्वार काढून पोटावर शौचाची कायमची पिशवी लावावी लागणार, हे सर्जननी मुलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. मुलाने आईला सांगितले ते एवढेच, की मूळव्याध वाढली आहे, शेक घ्यावा लागेल.

शेक संपत आला तेव्हा तो माझ्याकडे आला. संमतीपत्रावर आपणच सही करू, पिशवीचे आई शुद्धीवर आल्यावर बघू, असे त्याचे म्हणणे. तो लबाड नव्हता. निदान कळल्यावर वडिलांनी अन्न टाकले आणि तीन महिन्यांत ते गेले, अशी त्याची पक्की समजूत होती. ते आजाराने गेले की धसक्याने, हे आता कुणालाच सांगता आले नसते.

मी त्याला सांगणे आणि संमती या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक नियमांनुसार डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र ते कोणाला माहीत असावे, याबाबत त्या नियमात रुग्ण, नातेवाईक आणि जबाबदार मित्र एकाच ओळीत येतात, आणि आपली कुटुंबे नेमका त्याच ओळीचा आसरा घेतात. संमतीच्या बाबतीत असा आसरा नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात ४४ वर्षांच्या एका स्त्रीला केवळ तपासणीसाठी भूल दिली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले होते. जिवावरचा प्रसंग नसताना, सज्ञान आणि निर्णयक्षम व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कुणी, अगदी आईनेही, दिलेली संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी सांगितले. मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, कोर्टाचं खरं, पण आई माझी आहे.’’ यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्यात एवढेच ठरले, की कॅन्सर हा शब्द मी होऊन काढणार नाही, आणि आजींनी विचारला तर खोटे बोलणार नाही.

त्यामुळे मी आजींना काही सांगितले नाही, विचारले : ‘‘आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं, आणि आणखी किती समजून घ्यायचं आहे?’’ त्यांनी पदर सावरला, मुलाला चहा आणायला पाठवले आणि माझ्याकडे वळल्या. ‘‘मूळव्याधीला कुणी कमरंवर शाईच्या रेघा मारतं व्हय, पोरी? आन् पुसू नका म्हनून दम देतं?’’ किरणांची जागा चुकू नये म्हणून मारलेल्या त्या खुणा त्या पाच आठवडे जपत होत्या. शेकाच्या रांगेत रोज तीच माणसे शेजारी बसतात आणि डबे उघडले की आजारही उघडे होतात, हे मुलाच्या ध्यानातच आले नव्हते. आजींना दुसऱ्याच आठवड्यात कळले होते. मुलाला वाईट वाटेल म्हणून त्या गप्प होत्या, आणि मुलगा त्यांच्यासाठी. पिशवीचे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

ते ऐकल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग ज्या शंका विचारल्या त्यांपैकी एकही मरणाविषयी नव्हती. पिशवी लावून देवाला शिवता येईल का? एसटीत वास येईल का? लेकीच्या घरी मुक्कामाला जाता येईल का? देवाच्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचे नाही, हे मला अनुभवाने कळले आहे. दोन दिवसांनी मी एका निवृत्त शिक्षकांची गाठ घालून दिली. ते कित्येक वर्षे अशीच पिशवी वापरतात. त्यांनी सदऱ्याचे एक बटण काढून ती कुठे बसते ते दाखवले आणि म्हणाले, ‘‘सकाळी रिकामी करतो, अंघोळ करतो आणि पूजेला बसतो. देवानं अजून तक्रार केलेली नाही.’’ आजी पहिल्यांदा हसल्या.

त्यांनी पुढे दोन गोष्टी ठरवल्या आणि त्यातली एक मुलाला लागली. शस्त्रक्रिया नातीच्या लग्नानंतर व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. शेकानंतर तसेही काही आठवडे थांबायचे असल्यामुळे सर्जननी तारीख त्याप्रमाणे धरली. दुसरे म्हणजे, किती दिवस उरलेत वगैरे आकडे आपल्याला सांगू नयेत, जे सांगायचे ते थोरल्या लेकीला सांगावे. जाणून न घेण्याचा हक्कही रुग्णाचाच असतो, फक्त तो त्याच्या तोंडून आलेला असावा लागतो. मुलगा नंतर व्हरांड्यात मला म्हणाला, ‘‘सगळं मी केलं आणि विश्वास ताईवर.’’ मला त्याची बाजू समजत होती, पण निवड आजींची होती.

संमतीपत्र इंग्रजीत होते. मी त्यातले वाक्य न् वाक्य मराठीत वाचून दाखवले, त्याला वीसेक मिनिटे लागली. ‘कायमची’ या शब्दापाशी त्यांनी मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग पेन मागून घेतले, एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिले आणि कागद मुलाकडे सरकवला. साक्षीदाराची जागा मोकळी होती. त्याने तिथे सही केली.