इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी येतं, मग ‘समथिंग न्यू’ आणि ‘अटर्नी जनरल’मध्ये ते मागे का?

तुम्ही दिलेली दोन उदाहरणं दिसायला सारखी असली तरी त्यांची कारणं अगदी वेगळी आहेत. मी मराठी-इंग्रजी अनुवाद करतो, त्यातही कोर्टाचे कागद जास्त. त्यामुळे या मागे जाऊन बसणाऱ्या विशेषणांशी रोजच गाठ पडते.

‘समथिंग न्यू’ तर मराठी माणसाला ओळखीचं वाटायला हवं. आपणही ‘काहीतरी नवीन सांग’, ‘काहीतरी गोड खायला दे’, ‘कोणीतरी ओळखीचं भेटलं’ असंच म्हणतो की. फरक एवढाच की मराठीत ‘नवीन काहीतरी’ म्हटलं तरी खपून जातं, इंग्रजीत ‘न्यू समथिंग’ खपत नाही. ‘सम’ आणि ‘थिंग’ एकमेकांना चिकटून एकच शब्द झालाय, मधे विशेषण शिरायला फटच उरलेली नाही. एनीथिंग, नोबडी, एव्हरीवन, सगळ्यांचं तेच.

खरी गोची पुढे आहे, आणि तिथे मराठी आडवी येते. ‘पाण्याने भरलेला ग्लास’, ‘आईवर रागावलेला मुलगा’, ‘रेल्वेला समांतर रस्ता’. मराठीत विशेषणाला कितीही लांब शेपूट असो, ती सगळी वरात नामाच्या पुढे चालते. इंग्रजीत सुटं विशेषण पुढे येतं, पण त्याला ‘ऑफ’, ‘विथ’, ‘टू’ची शेपटी लागली की ते शेपटीसकट मागे जातं: अ ग्लास फुल ऑफ वॉटर, अ बॉय अँग्री विथ हिज मदर, अ रोड पॅरलल टू द रेल्वे. ‘अँग्री बॉय’ चालेल, ‘अँग्री विथ हिज मदर बॉय’ मात्र नाही. नियम म्हणून एकच लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा, बोलताना-लिहिताना सगळ्यात जास्त हाच लागतो.

काही विशेषणं दोन्हीकडे बसतात, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे सदस्य, ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे सभेला हजर असलेले. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० मध्ये संसदेतल्या मतदानाबद्दल ‘मेंबर्स प्रेझेंट अँड व्होटिंग’ असे शब्द आहेत. ते ‘प्रेझेंट’ पुढे आणलंत तर सभागृहात न आलेलेही मोजायला लागाल. तसंच ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणजे जबाबदारीने वागणारा माणूस आणि ‘द पर्सन रिस्पॉन्सिबल’ म्हणजे ज्याच्यामुळे ते घडलं तो. कधीकधी दुसरा हा पहिल्याच्या अगदी उलट असतो.

यात मी स्वतः एकदा चांगलाच आपटलोय. ‘संबंधित अधिकाऱ्यांनी’ याचं मी सवयीने ‘द कन्सर्न्ड ऑफिसर्स’ केलं होतं. लंडनच्या संपादकाकडून समासात शेरा आला: हे अधिकारी कशाच्या काळजीत आहेत? नामाच्या आधी ‘कन्सर्न्ड’ म्हटलं की तिकडच्या माणसाला पहिल्यांदा ‘चिंताग्रस्त’च ऐकू येतं. ‘संबंधित’ म्हणायचं तर ‘द ऑफिसर्स कन्सर्न्ड’. भारतीय इंग्रजीत ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ इतकं रुळलंय की इथल्या सरकारी पत्रात मी ते आता बदलत बसत नाही. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना मात्र बदलतो.

‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ यांचंही थोडक्यात सांगतो. ‘अस्लीप चाइल्ड’ होत नाही, कारण त्या ‘अ’मध्ये जुनं ‘ऑन’ दडलंय. अस्लीप म्हणजे मुळात ‘झोपेत’. मराठीत तरी आपण ‘झोपेत मूल’ कुठे म्हणतो? ‘झोपेत असलेलं मूल’ म्हणावं लागतं.

आता अटर्नी जनरल. इथे व्याकरण कमी आणि इतिहास जास्त आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणं नामाच्या मागे येतात. कोर्ट मार्शल, नोटरी पब्लिक, एअर अपॅरंट (गादीचा वारस) ही सगळी त्याच वळणाची. कोर्टातलं कामकाज इंग्रजीत चालावं असा कायदा १३६२ मध्ये झाला खरा, पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! वकिलांच्या तोंडची फ्रेंच त्यानंतरही बराच काळ टिकली. कोर्टाबाहेरच्या पाट्यांवर ‘नोटरी पब्लिक’ वाचून अनेकांना वाटतं की पब्लिकसाठी असलेला नोटरी. तिथे ‘पब्लिक’ हे साधं विशेषण आहे, सार्वजनिक.

आपल्याकडे हेच झालंय, फक्त फ्रेंचच्या जागी फारसी. पुण्याजवळचं आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द घ्या. बुद्रुक म्हणजे फारसीतलं ‘बुजुर्ग’, मोठं. खुर्द म्हणजे लहान. मराठी वळणाने ‘थोरलं आंबेगाव’, ‘धाकटं आंबेगाव’ व्हायला हवं होतं, पण दप्तर फारसी वळणाचं, त्यामुळे विशेषण गावामागे जाऊन बसलं आणि सातबाऱ्यावर अजून तिथेच आहे. त्यावरून कोणी ‘घर मोठं बांधलं’च्या ऐवजी ‘घर बुद्रुक बांधलं’ म्हणत नाही. तसंच इंग्रज माणूस अटर्नी जनरलच्या धर्तीवर नवी पदनामं सहसा पाडत नाही. ही ठरलेली नावं आहेत, ती पाठच करायची.

अनेकवचन करताना मात्र जपून. अटर्नी जनरलमध्ये नाम ‘अटर्नी’ आहे, म्हणून नियमाने ‘अटर्नीज जनरल’. तसंच ‘कोर्ट्स मार्शल’. पण मेजर जनरलचं ‘मेजर जनरल्स’ होतं, कारण तिथला ‘जनरल’ आज विशेषण नाही, खुद्द सेनाधिकारी आहे.