शाळेत पडलेले नाव

प्रश्न : शाळेत मला सगळे ‘घुमी’ म्हणत. आज मी रोज चाळीस जणांसमोर उभी राहून शिकवते. तरीही परवा जुन्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात पाऊल टाकताच माझा आवाज खाली गेला आणि मी कोपऱ्यातली खुर्ची शोधली. खरी मी कोणती?

उत्तर : दोन्ही खऱ्याच, मात्र ‘घुमी’ हे तुमचे पुरते वर्णन कधीच नव्हते. हुशार, ढ, मवाली, पुस्तकी किडा ही नावे वर्गात प्रत्येकाची जागा ठरवण्यासाठी पडतात आणि एकदा पडली की शिक्षकही त्याच नजरेने पाहू लागतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थल व शाळेच्या मुख्याध्यापिका लिनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुले लवकरच चमकतील असे शिक्षकांना सांगितले होते. प्रत्यक्षात ती मुले कोणत्याही निकषाविना निवडलेली होती, तरी पहिली-दुसरीतल्या अशा मुलांची बुद्ध्यंकातील वाढ इतरांहून अधिक भरली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, हेही खरे.

स्वभावाचा काही अंश टिकतो. पण विशी ते चाळिशीच्या दरम्यान जबाबदारीची जाणीव आणि भावनिक स्थैर्य सर्वसाधारणपणे वाढत जाते, हे मानसशास्त्रात वारंवार दिसले आहे. परवा तुमचा आवाज खाली गेला तो जुन्या चेहऱ्यांनी जुनी जागा पुढे केल्यामुळे. पुढच्या भेटीत वर्गातल्या ‘मवाली’ मुलाशेजारी बसा आणि तो आता काय करतो ते विचारा. त्यालाही बहुधा अजून कोणी हे विचारलेले नसेल.