अंघोळीनंतरचं गुंतवळ

प्रिय पोरी,

तुझा फोटो पाहिला. तळहातावर लिंबाएवढं गुंतवळ आणि खाली एकच ओळ, "बाई, आजच्या एका अंघोळीचे." रात्री पावणेबाराला पाठवलेला. म्हणजे सकाळी न्हाल्यापासून रात्रीपर्यंत तू ते जपून ठेवलं होतंस. मला गुंतवळापेक्षा ते जपणंच जास्त खुपलं. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी "होईल गं ठीक" म्हणून मोकळी झाले असते, म्हणून हे पत्र.

आधी एक कर. त्यातला एक केस सोडव आणि खिडकीशी, गडद ओढणीवर धर. एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरट ठिपका दिसेल. पुष्कळ जणी तो बघून "मुळासकट आला" म्हणून घाबरतात. ते मूळ नव्हे. जिथून केस उगवतो ती जागा कातडीत शाबूत आहे. वाढ पुरी करून, विसावा घेऊन निघालेल्या केसाचं ते टोक आहे.

दहावीला मी तुम्हाला हृदयाचे चार कप्पे घोकायला लावले, केस मात्र राहिला. तो आता शिक. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढत असतात. एकेक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवराआवर, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस धडधाकट माणसाचेही जातात. मोठा ताप आला की शरीर खर्चाला कात्री लावतं, आणि केस हा काही जगण्यासाठी अडलेला खर्च नाही. मग वाढत्या केसांपैकी बऱ्याच जणांना एकदम नोटीस मिळते, तीन महिन्यांची. तुला डेंग्यू ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाला. आता नोव्हेंबर संपतोय. बोटं मोडून बघ.

म्हणजे ज्या केसांसाठी तू गेल्या महिन्याभरात तीन तेलं बदललीस, त्यांचा निकाल ऑगस्टातच लागला होता. पुण्याचं पाणी, हेल्मेट, अभ्यासिकेतला एसी, सगळे निर्दोष. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन या त्वचातज्ज्ञाने १९६१ साली या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम असं भारदस्त नाव दिलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मात्र आधीपासून म्हणायच्या, बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात. बाळ खिदळायला लागतं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. हिशेब तोच, फक्त बाळंतपणाचा.

माझे गेले ते १९८३ साली, टायफॉइडनंतर. तेव्हा मी सोलापूरला कॉलेजात होते आणि माझी वेणी कमरेखाली जायची. आईचं म्हणणं, चकोट करून टाकू, दाट येतील. (येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच.) मी अडून बसले तेव्हा तिने बाजारातून गंगावण आणलं. थोरल्या बहिणीचं लग्न होतं. माझ्या चार केसांत ते कसंबसं गुंफलं आणि मला जिलेबी वाढायला पाठवलं. तिसऱ्या पानाशी वाकले आणि अख्खी वेणी निसटून पत्रावळीच्या शेजारी पडली. एका आजोबांनी तर पाय वर घेतले. आज सांगताना मला हसू येतं. त्या दिवशी मात्र मी मागच्या खोलीत जी जाऊन बसले ती वरात निघेपर्यंत. लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. केस पुढच्या वर्षी आले, बहिणीचं लग्न काही पुन्हा झालं नाही. तू चुलतभावाच्या साखरपुड्याला जाणार नाहीस असं तुझ्या आईकडून कळलं, म्हणून हे सगळं उकरून काढलं. जा. अंबाडा बांध, मोगऱ्याचा गजरा घाल आणि जा.

आता पैशाचं. तू त्या "केसांच्या क्लिनिक"बद्दल विचारलं आहेस, सहा महिन्यांचं पॅकेज. सहाच का, याचा विचार केलास? आजारानंतरचं गळणं बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरतं. तू त्यांच्याकडे जा नाहीतर घरी शेंगा फोडत बस, मेपर्यंत केस थांबायचेच. फक्त श्रेय कोणी घ्यायचं एवढाच प्रश्न, आणि त्याची किंमत माझ्या भाचीने चाळीस हजार मोजली. पहिल्याच भेटीत तिला कॅमेऱ्यातून डोक्याची कातडी पन्नास पटींनी मोठी करून दाखवली. इतक्या जवळून कुणाचंही डोकं उजाड माळरानासारखंच दिसतं.

याचा अर्थ डॉक्टरकडे जाऊच नकोस असा नाही. साध्या त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदा जाऊन ये. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, कातडी लाल झाली, खवले किंवा खाज आली, भुवयाही विरळ झाल्या, किंवा सगळीकडचे केस बरे असताना भांगच रुंदावत गेला, तर ते प्रकरण वेगळं असतं आणि तिथे थांबायचं नसतं. सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल तरीही जायचं. डॉक्टर रक्त तपासायला सांगतील: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही हा साठा तळाला गेलेला असू शकतो, मुलींमध्ये तर फार. पण फेरिटिन तापात फुगतं, आणि डेंग्यूत तर अतोनात फुगतं. तुझा सप्टेंबरातला रिपोर्ट तू "लोह भरपूर आहे" म्हणून मला पाठवला होतास, त्यावर विसंबू नकोस. आता नव्याने कर.

आणि त्याआधी केसांसाठी घेतेस त्या बायोटिनच्या (हे एक ब जीवनसत्त्व) गोळ्या बंद कर. त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. किती दिवस आधी थांबायचं ते लॅबमध्ये विचार. रूममेटचं मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायचं औषध, तेही लावू नकोस. सुरुवातीला त्यानेच काही केस गळतात, मग कशामुळे काय चाललंय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. शक्तीच्या गोळ्या वाटेल तशा घेणं तर सोडूनच दे. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडायला लागलं तेव्हा रक्तात सेलेनियम जास्त सापडल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. केसांच्या अनेक गोळ्यांत सेलेनियमही असतं. जे थोडं लागतं ते जास्त झालं की तेच केस घालवतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच.

न्हाण्याचं मात्र तुझं साफ चुकतंय. केस गळतात म्हणून तू आठ दिवसांनी न्हातेस. सध्या तुझे रोजचे दोनशे जात असतील असं धर. ते जटेत अडकून राहतात आणि आठव्या दिवशी सोळाशे एकदम हातात येतात. ते लिंबाएवढं गुंतवळ हेच आहे. एक दिवसाआड न्हा, शाम्पूने किंवा शिकेकाईने, तुझी मर्जी. न्हाणीघराच्या जाळीवरचं गुंतवळ न मोजता कचऱ्यात टाक. मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, मधल्या भांगाचा एक फोटो काढ आणि पुढच्या महिन्यापर्यंत उघडू नकोस. फेब्रुवारीच्या सुमाराला कपाळाच्या कडेला अर्ध्या बोटाएवढे, कशालाच न जुमानणारे केस उभे राहिलेले दिसतील. तेल लावून चापून बसवू नकोस त्यांना. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा पूर्वीएवढी वेणी व्हायला चार-पाच वर्षं जातील. हे मी लपवणार नाही. खांद्यापर्यंत कापलेस तर विरळपणा कमी दिसेल आणि गुंताही कमी. पण कापायचे की नाही हे तू ठरव, आई किंवा मावशी नाही.

मेसच्या जेवणाबद्दल काय बोलावं! पातळ वरणात डाळ शोधावी लागते हे मला माहीत आहे. रोज दोन अंडी उकडून घे, चालत नसतील तर मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी, वाटीभर दही. परीक्षेचं टेन्शन म्हणून रात्रीचं जेवण चहा-बिस्किटावर भागवणं बंद. जेवणावर लगेच चहा घेतलास तर लोह अंगी लागत नाही, तासाभराने घे. उसळीवर लिंबू पीळ.

राहिली माणसं. "अगं, केवढे केस होते तुझे!" हे वाक्य तुला जून उजाडेपर्यंत ऐकायला लागणार. मी तेव्हा मान खाली घालायचे. तू सरळ सांग, "डेंग्यू झाला होता, परत येतायत," आणि त्यांच्या मुलाच्या नोकरीचं काय झालं ते विचार.

रविवारी तुझा मामा पुण्याला येतोय, त्याच्याकडे स्टीलचा डबा देतेय. अळिवाचे लाडू आहेत, नारळाच्या पाण्यात भिजवून, खोबरं-गूळ घालून केलेले. ओल्या खोबऱ्याचे आहेत, तीन-चार दिवसांत संपव, आणि पहिला खाशील तेव्हा दात बघून घे, अळीव दातात अडकतात. रूममेटला दोनच दे. डबा माझ्या आईचा आहे, झाकणासकट परत हवा.

तुझी बाई